चौऱ्याऐंशीची पोर

मित्रांनो, मी एक जुनं चांदीचं पदक आहे. माझं वय अठ्ठ्याहत्तर, पण स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलं नाही. माझ्या एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि कडेवर... माझी सगळी गोष्ट त्या कडेचीच आहे.

पहिल्या महायुद्धाची लढाई मी पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती संपल्यावर काही वर्षांनी मला टांकसाळीत पाडलं. कडेवर ठोकून एका सैनिकाचा नंबर उमटवला आणि पुढे नाव, ओवेन रॉबर्ट्स. हा माणूस आमच्या वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीतला कामगार. चार वर्षांपूर्वीच फ्रान्सच्या मातीत गेलेला. मी टपालाने त्याच्या बायकोकडे, मार्गेडकडे, पोचलो. तिने सरकारी पत्रं रागाच्या भरात चुलीत घातली. मला मात्र तिला टाकवेना, कारण माझ्यावर त्याचं नाव होतं.

त्याच आठवड्यात इफान खाटीक घरी आला. तो ओवेनच्याच पलटणीतला, पाय जायबंदी होऊन आधीच परतलेला. त्याने माझी कड उजेडात धरली आणि हसला. "हा बघ आमचा चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. पलटणीत ओवेन रॉबर्ट्स इतके होते की हाक मारली की अर्धी रांग वळून बघायची. म्हणून प्रत्येकाला नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांनी ओळखायचे. त्या दिवसापासून मार्गेडची चार वर्षांची मुलगी नेस्टा दुकानात गेली की इफान ओरडायचा, "आली चौऱ्याऐंशीची पोर," आणि तिच्या हातावर सॉसेजचा जास्तीचा तुकडा ठेवायचा.

मार्गेड दर रविवारी चर्चला जाण्याआधी मला पांढरी पूड लावून घासायची. शेजारणी म्हणायच्या, मार्गेडच्या पदकात तोंड बघावं. मीही फुगून जायचो. घासता घासता ती एकच प्रश्न विचारायची, मला नव्हे, त्याला. नेस्टा जन्मली तेव्हा ओवेन लढाईवर होता. मुलगी झाली, नाव नेस्टा ठेवलं, असं तिने पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. नऊ आठवड्यांनी तो गेल्याचं सरकारी पत्र आलं. मुलगी झाल्याचं त्याला कळलं होतं की नाही? तिला ते ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. ती अजून जोरात घासायची.

चाळीस वर्षं घासलं तिने. आधी नंबर पुसट झाला, मग गेला. मग नावाची अक्षरं. माझ्या अंगावरून तो माणूस थोडा थोडा निघून जात होता आणि मला ओरडता येत नव्हतं. मार्गेड गेली, आणि मी बटणं आणि दोऱ्यांच्या खणात जाऊन पडलो. तिथे काळा पडलो. कौतुक सरलं याचं दुःख होतं, पण निदान कोणी घासत नव्हतं.

गेल्या वर्षी खण उघडला. नेस्टा आता ब्याऐंशी वर्षांची, निवृत्त शिक्षिका. आईचा प्रश्न तिच्याकडे वारशाने आलेला, आणि तिच्या हाताशी वेळ थोडा. तिच्याबरोबर एल्विन होता. जन्मभर टपाल वाटलेला हा माणूस आता गावातल्या लोकांचे लढाईत गेलेले आजे-पणजे शोधून देतो. लंडनला सैनिकांची कागदपत्रं आहेत, त्यात एक पान मुलाबाळांचं असतं, असं त्यानेच तिला सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून निम्म्याहून जास्त कागद जळले, हेही सांगितलं होतं.

"नंबर पदकाच्या कडेवर असतो, नेस्टाबाई. तेवढा द्या, बाकी मी बघतो," एल्विन म्हणाला.

त्याने भिंग लावलं. मला फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग मला अलगद टेबलावर ठेवलं.

"तुमच्या आईचा हात फार जड होता हो."

नेस्टाने मला उचलून कड उजेडात धरली. "म्हणजे तिनेच त्याला पुसून टाकलं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. मला वाटलं, टेबलावरून उडी मारावी, खणखणावं, काहीतरी करावं. आकडा मला माहीत होता.

एल्विन हरणारा नव्हता. पलटणीचं नाव नेस्टाला ठाऊक होतं. त्याने त्या पलटणीत मेलेल्या ओवेन रॉबर्ट्सांची यादी मागवली. अकरा निघाले, यादीत नाव आणि नंबर एवढंच. यादी घेऊन तो आला तेव्हा नेस्टा चहा ओतत होती. आता नको, असं म्हणायचं तिने ठरवलं होतं. अकरा परक्या बापांच्या कागदांतून फिरायचं बळ आपल्यात नाही, असं तिने मला हातात घेऊन बोलूनही दाखवलं होतं. एल्विन आपला टपालवाल्याच्या सवयीने एकेक नंबर मोठ्याने वाचत गेला. सातव्याशी चहा कपाबाहेर सांडला.

"शेवटचे दोन आकडे परत वाच."

"आठ, चार."

"चौऱ्याऐंशी," नेस्टा म्हणाली. "अरे, ती तर मी. चौऱ्याऐंशीची पोर."

इफानच्या हाकेचा अर्थ तिने कधी विचारलाच नव्हता. लहानपणी कोण कशाला विचारतो? तिला वाटायचं, खाटकाची काहीतरी थट्टा. एल्विनने तिची गोष्ट ऐकून घेतली, पण तो कागदाचा माणूस. हाकेवर त्याचं समाधान होईना. त्याने त्या नंबरचे कागद मागवले.

पाच आठवडे गेले. नेस्टा रोज दारातल्या टपालाकडे जायची, परत यायची, मला उचलायची, ठेवायची. आम्ही दोघं सारखेच अस्वस्थ. शेवटी पाकीट आलं. आत सहा पानांच्या नकला, कडा जळून कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. मुलांच्या पानाचा वरचा भाग राख झालेला. एल्विन मान खाली घालून बसला.

सहावं पान मात्र एक अर्ज होता. मुलीचं नाव कुटुंबात लावून घ्यावं, अशी विनंती. तारखेची जागा जळली होती. पत्नी मार्गेड. मुलगी, नेस्टा. खाली पेन्सिलीने, थरथरत्या, खाणकामगाराच्या अक्षरात सही, ओ. रॉबर्ट्स.

नेस्टाने सहीवर बोट ठेवलं. "हे नाव आईने एकटीने ठेवलं होतं," ती हळूच म्हणाली. "पत्र मिळाल्याशिवाय त्याला कुठून कळणार?"

त्याच दुपारी ती चर्चमागची टेकडी चढली. गुडघे दुखत होते, एल्विनने हात धरला होता, मी तिच्या कोटाच्या खिशात होतो. मार्गेडच्या थडग्यापुढे तिने तो कागद काढला, चष्मा लावला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा स्पष्ट आवाजात अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. मग वाकून म्हणाली, "आई, पत्र पोचलं होतं गं."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी पडलं असेल. त्याला चकाकी आणण्याआधी त्याची कड एकदा वाचा, आणि ज्यांना अजून आठवतंय त्यांना विचारून घ्या. इफान रोज दुकानात होता, मार्गेड रोज घरात होती.

हल्ली रविवारी नेस्टा मला हातात घेते. पूड आणि फडकं तिने फेकून दिलंय. मी काळाच आहे. माझ्या गुळगुळीत कडेवरून ती अंगठा फिरवते आणि जिथे आकडा होता असं तिला वाटतं, तिथे जरा थांबते. जागा चुकते तिची, थोडी डावीकडे हवी. पण मी काही बोलत नाही.