पुढच्या खोलीतला पक्ष

आमचा पक्ष स्थापन झाला तेव्हा मी डुकराचं मटण परतत होते. पाच पुरुष चुलीभोवती बसून डोंगरातली रूढी कशी वाचवायची यावर घसा कोरडा करत होते आणि माझे वडील, पा ह्यूबर्ट, पक्षाची घटना सांगत होते. त्यांचं अक्षर त्यांनाच लागायचं नाही, म्हणून लिहायला मी. एका हातात झारा, दुसऱ्या हातात पेन. पहिल्या पानावर अजून तेलाचा डाग आहे. पक्षाचे लोक तो संस्थापकांचा घाम म्हणून दाखवतात.

त्याला एकतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात पक्ष चार वेळा फुटला आणि साडेतीन वेळा जुळला. दोन आमदार निवडून आले, ते शपथ घेऊन खाली उतरायच्या आत दुसऱ्या पक्षात गेले. कार्यालय मात्र हललं नाही. ते मायरांग गावात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. म्हणजे आधी आईच्या, आता माझ्या. धाकटी मुलगी मी, आणि आमच्यात आईचं घर धाकट्या मुलीलाच मिळतं. बैठक भरली की मी बिनदुधाचा लाल चहा आणि पानसुपारी आत ठेवून मुकाट बाहेर यायची. बाईमाणसानं सभेत बसायचं नाही, हीपण रूढीच.

यंदा पा गेले आणि अध्यक्षपदावरून जुंपली.

"सगळ्या देशात बापाची गादी मुलाला मिळते," माझा थोरला भाऊ डोनबोक म्हणाला.

"देशात मिळत असेल," आतेभाऊ तेइबोर म्हणाला. "आपल्यात मामाची गादी भाच्याला. तू तर माझ्या मामाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या कुळातलासुद्धा नाहीस, तू तुझ्या आईच्या कुळातला. रूढी वाचवायलाच पक्ष काढलाय ना?"

"आधी निवडून येऊन दाखव."

"तू आधी अनामत वाचवून दाखव."

तीन आठवडे हेच. मग निवडणूक कचेरीचं पत्र आलं: कार्यालयाच्या घरमालकाची सही पाठवा, नाहीतर नोंदणी रद्द.

दोघं एकदमच माझ्या चुलीपाशी. डोनबोकला एकाएकी माझी गुडघेदुखी आठवली. तेइबोरनं संत्री आणली.

"सही करते," मी म्हटलं. "अध्यक्ष कोणीही व्हा मेल्यांनो. मला बैठकीत एक खुर्ची पाहिजे. बसायला आणि बोलायला."

तेइबोर हसला. "मग चहा कोण आणणार, कॉंग?" इकडे बाईला मानानं कॉंग म्हणतात. मानाला काय, पैसे पडत नाहीत.

"ज्याला तहान लागेल तो."

दोघं अंगणात जाऊन कुजबुजायला लागले. खरं सांगते, मला आशा होती. अख्खी घटना माझ्या अक्षरात आहे, एवढं तरी देतील, असं वाटत होतं. पा असते तर त्यांनी खुर्ची दिली असती का? मी त्यांना कधी विचारलं नाही. का नाही विचारलं, तेही मला ठाऊक होतं.

दोघं परत आले ते खांद्याला खांदा लावून. डोनबोकच्या हातात कागद.

"ठराव झालाय. एकमतानं. तेइबोर अध्यक्ष, मी सरचिटणीस. सभेत बाईला खुर्ची नाही."

एकतीस वर्षांत या पक्षाचं चहात साखर किती यावरसुद्धा एकमत झालं नव्हतं.

"छान झालं," मी म्हटलं. राग इतका आला होता की आवाज अगदी मऊ झाला. "आता एकमतानं पाटी उतरवा. झेंडाही न्या. सहा खुर्च्या आईच्या, त्या राहतील."

"अगं, धाकट्या बहिणीनं भावाला आसरा द्यायचा ही रूढी आहे," डोनबोक म्हणाला.

"भावाला आहेच. भात आहे, अंथरूण आहे. पक्षाला द्यायचा असं कुठं म्हटलंय? घटना मीच लिहिलीय, त्यात नाही."

आता पुढच्या खोलीत माझं मटणभाताचं दुकान आहे. नोंदणी गेली, पण पक्ष रोज सकाळी जेवायला येतो आणि तिथंच भांडतो. पाच खुर्च्या गिऱ्हाइकांना. सहावी, पा बसायचे ती, माझी. कोणी पक्षाचा इतिहास चुकीचा सांगितला की मी बसल्या जागेवरून दुरुस्त करते.

परवा तेइबोर उशिरा आला. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. हातात ताट घेऊन तो बराच वेळ उभा होता.

"कॉंग, मला एक खुर्ची मिळेल का?"

"ठराव मांड," मी म्हटलं. "बघू किती जण हात वर करतात."