गाडीखालची बादली

केटुराने दुधाची बादली गाडीच्या आसाखाली टांगली, झाकण दाबून बसवलं आणि मग तिच्या लक्षात आलं की संध्याकाळी ते उघडायला आज कुणी नाही. दिवसभर गाडीच्या धक्क्यांनी दूध आपोआप घुसळलं जायचं. मुक्काम पडला की पाच वर्षांची अल्मिरा रांगत गाडीखाली शिरायची आणि आतूनच ओरडायची, "आलं लोणी!"

अल्मिरा काल दुपारी गेली. पटकीने एका दिवसात नेली.

तिला रस्त्याच्या मधोमध पुरलं होतं, चाकोरीतच. वर ना फळी, ना दगड. पश्चिमेला ओरेगॉनकडे नव्या जमिनीसाठी निघालेले सगळे या वाटेवर तसंच करत. ताफ्यातल्या अकराच्या अकरा गाड्या वरून गेल्या की जमीन सारखी होते आणि लांडग्यांना जागा सापडत नाही.

"आपली गाडी बाजूने ने," केटुरा नवऱ्याला म्हणाली.

"आपली पहिली आहे. आपणच बाजूने गेलो तर मागचे वरून कसे जातील?" इलाय बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "तू पुढे चालत जा. मागे बघू नकोस."

"मी हाकते."

त्याने पराणी तिच्या हातात दिली.

डॉर्कस मावशी पलीकडे उभी होती. ताफ्यातल्या आजाऱ्यांना तीच बघायची. पटकीच्या माणसाला प्यायला काही द्यायचं नाही, दिलं की तो गेलाच, असं तिने बजावलं होतं. तिचंच काय, सगळ्यांचंच तसं मत होतं. अल्मिरा शेवटपर्यंत दूध मागत होती. "चमचाभर दे ना, आई." केटुराने ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले होते. तेवढंच. लेकरू जगावं म्हणून तिने मन दगडासारखं केलं होतं, आणि आता ते तिला सोसवत नव्हतं.

पुढची चाकं मऊ मातीवरून गेली. गाडी बरोबर मध्यावर आली आणि केटुराने बैल थांबवले.

"काय झालं आता?" मागून ताफ्याच्या कप्तानाने विचारलं. "ऊन तापायच्या आत नदी गाठायची आहे, बाई."

केटुरा गाडीखाली शिरली होती. डॉर्कस मावशीने वाकून पाहिलं. केटुराचे हात झाकणावर होते. मावशी सरळ झाली.

"या गं, आडोसा करा जरा."

झाडाझुडपाचं नाव नसलेल्या त्या माळावर कुणा बाईला लघवीला बसायचं असलं की बायकांचा हा रोजचा परिपाठ होता. चौघीजणी आल्या, घागरे पसरून गाडीभोवती उभ्या राहिल्या. पुरुषांनी तोंडं फिरवली.

आत केटुराने बादली हळूहळू कलती केली. माती घटाघटा प्यायली.

मग ती बाहेर आली, पराणी उचलली आणि बैलांना हाक दिली. मागून दहा गाड्या गेल्या.

संध्याकाळी इलायने बादलीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं.

चुली पेटत होत्या. तेवढ्यात सातव्या गाडीतली प्रूडन्स धावत आली.

"मावशी, आमच्या हॅनाला ढाळ-उलट्या सुरू झाल्यात. सारखं पाणी मागतेय. द्यायचं नाही ना?"

डॉर्कस मावशी चुलीत जळण सारत होती. तिचा हात थांबला. तिने केटुराकडे पाहिलं. केटुरा पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"दे," मावशी म्हणाली.

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं…"

"सांगितलं होतं. आता सांगते, दे. मागेल तेवढं दे."

प्रूडन्स तशीच उभी राहिली. केटुराने पिठाचे हात झटकले, रिकामी बादली उचलली आणि ती गाईकडे गेली.

पिळलेलं दूध तिने आसाखाली टांगलं नाही. तसंच धारोष्ण घेऊन ती सातव्या गाडीकडे चालू लागली.