बघण्याची मजुरी

दिवाकरनच्या गावात दोन तऱ्हेचे हमाल होते, एक उचलणारे आणि दुसरे बघणारे. बघणाऱ्यांना जास्त मिळायचं. दिवाकरन बघणाऱ्यांपैकी होता.

आमच्या केरळात याला नोक्कुकूली म्हणतात, म्हणजे बघण्याची मजुरी. कुणाच्या घरी फरशीचा ट्रक आला की मालक बंगाली मजूर लावून तो स्वस्तात उतरवून घेतो. मग निळ्या सदऱ्यातले युनियनचे पाच-सहा जण समोरच्या कट्ट्यावर येऊन बसतात, काळा चहा पितात, केळ्याची भजी खातात आणि ट्रक रिकामा झाला की उठून आपली मजुरी मागतात. द्यायची नाही म्हटलं तर दुसरा ट्रक त्या गल्लीत शिरत नाही. कायद्याने हे कधीच बंद झालंय, पण कायदा काही त्या कट्ट्यावर येऊन बसत नाही.

एकदा एका मास्तरने दिवाकरनला विचारलं होतं की घाम गाळतो तो, मग जास्त तुम्हाला कसे? दिवाकरनचं उत्तर तयार होतं. उचलायचे पैसे त्याचे, हक्काचे माझे. आणि अगदीच खोटं नव्हतं ते. त्याच्या बापाच्या वेळी कंत्राटदार मजुरीची नाणी चिखलात फेकायचे. अम्माने काथ्याच्या कारखान्यासमोर लाठ्या खाल्ल्या होत्या. तेव्हा कुठे युनियन उभी राहिली, बिल्ले मिळाले, आणि बापाचा बिल्ला पुढे दिवाकरनकडे आला. बंगाल्याला बिल्ला मिळत नाही म्हणून त्याची मजुरी कमी, आणि मजुरी कमी म्हणून तो माणूसच हलका. हे असं गोल गोल फिरत होतं, पण दिवाकरनला त्यात कधी चक्कर आली नव्हती.

अम्माला अर्धांगवायू झाला तेव्हापासून ती पडून होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. ड्रेसिंग करायला येणाऱ्या नर्सने सरळ सांगितलं की डोकं वर करता येईल असा पलंग आणा, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल आणि मग माझ्या हातात काही नाही. एका बंद पडलेल्या इस्पितळाचा लोखंडी पलंग दिवाकरनला स्वस्तात मिळाला. पायाशी दांडा होता, तो फिरवला की डोक्याकडचा भाग वर यायचा. रविवारी सकाळी टेम्पो आला, फाटकाबाहेर पलंग उतरवून निघून गेला.

पलंग आत जावा म्हणून जुनी खाट मोडून काढली होती आणि अम्माला ओसरीवर चटईवर आणून ठेवलं होतं. दिवाकरनने मोफिजुलला बोलावलं. मुर्शिदाबादचा हा चाळिशीचा गडी, सदा कुरकुरणारा, गालात तंबाखू. दिवाकरन कट्ट्यावर बसायचा तेव्हा बऱ्याचदा हाच उचलत असायचा. दोघांनी दोन टोकांना हात घातला, तेवढ्यात दोन स्कूटर येऊन थांबल्या. बिजुमोन आणि त्याची निळ्या सदऱ्यातली तीन माणसं.

दिवाकरनचं घर बायकोच्या वाट्याच्या जागेवर, कालव्याच्या पलीकडे होतं. ही हद्द बिजुमोनच्या टोळीची.

"अरे बिजू, मी तुमच्यातलाच," दिवाकरन म्हणाला.

"म्हणून तर आदराने चेट्टा म्हणतोय, दादा म्हणतोय. घरचं सामान तुम्ही उचला ना, कोण अडवतंय? पण बंगाल्याने हात लावला की ती मजुरी झाली."

शब्द न् शब्द ओळखीचा होता. आपल्या हद्दीत दिवाकरन हेच वाक्य म्हणत असे, याच थंड सुरात. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला इतकं घाणेरडं वाटतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने लुंगीसारखी नेसलेली मुंडू वर खोचली आणि एकट्याने पलंग ओढून पाहिला. एक टोक उचललं की दुसरं मातीत रुतायचं. मोफिजुल हात बांधून उभा. चौघं कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसले. एकाने समोरच्या टपरीवरून चहा मागवला. दुसरा म्हणाला की कमरेतून जोर लावू नका चेट्टा, गुडघ्यातून लावा.

ऊन ओसरीवर चढलं. अम्माच्या पाठीशी माश्या घोंगावू लागल्या आणि दिवाकरनची बायको विलासिनी वर्तमानपत्राने त्या हाकलत बसली. मग अम्माने अंथरूण घाण केलं. वास भिंतीपर्यंत गेला. चौघांनी सदऱ्याची गळपट्टी नाकावर ओढली, एकाने चहाचा ग्लास उचलून पलीकडे ठेवला, पण उठलं कुणीच नाही. मजुरी बुडाली असती. अम्माची घाण दिवाकरन रोज काढत होता, तिची त्याला किळस नव्हती. त्याला किळस आली त्या नाक झाकून बसलेल्या निळ्या सदऱ्यांची. तसलाच सदरा त्याच्या घरात खुंटीवर धुऊन टांगलेला होता.

"पैसे घ्यायचेच आहेत तर चौघं मिळून आत तरी नेऊन ठेवा," तो म्हणाला.

"उचलायचा रेट वेगळा, चेट्टा. तुम्हाला परवडायचा नाही," बिजुमोन हसला. "बघायचे दोन हजार. तुम्ही आपले, दीड द्या."

दिवाकरनने दिले. चौघं तिथेच बसून राहिले आणि ज्याचे पैसे घेतले ते काम त्यांनी मन लावून केलं, म्हणजे बघितलं. दिवाकरन आणि मोफिजुलने पलंग दारातून तिरका करून आत नेला. विलासिनीने अम्माला पुसून काढलं, पण उचलायची वेळ आली तेव्हा दिवाकरनची कंबर धरली होती. मोफिजुलने आपल्या भाषेत काहीतरी शिवी हासडली, वाकला आणि अम्माला एकट्यानेच उचलून पलंगावर ठेवलं. सदरा खराब झाला त्याचा. बाहेरच्या नळावर तो किती तरी वेळ छाती आणि हात घासत राहिला, मग ओलाच फाटकाशी आला.

ठरले होते तीनशे. "पाचशे द्या चेट्टा," तो म्हणाला. "सदरा गेला माझा. त्यांना दीड हजार दिलेत, मी बघत होतो."

दिवाकरनच्या बोटांत पाचशेची नोट होतीच. बिजुमोन स्कूटर चालू करता करता थांबला.

"रेट वाढवू नका हं चेट्टा. याला आज जास्त मिळाले की उद्या हा मालकाकडे मागणार. मग मालक आपल्याला कुठून देणार? तुमच्या हद्दीतसुद्धा हाच येतो ना?"

येत होता. दिवाकरनला डोळ्यांपुढे उद्याचा ट्रक दिसला, सिमेंटचा होता. त्याने पाचशेची नोट खिशात सारली आणि तीनशे मोजून पुढे केले.

"ठरलं होतं तेवढंच," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला थुंकीसारखा लागला, पण तो त्याने गिळला.

मोफिजुलने नोटांकडे पाहिलं, फाटकाशी तंबाखू थुंकली आणि चालू लागला. बिजुमोनने मान डोलावली आणि स्कूटर निघाल्या.

आत विलासिनीने दांडा फिरवून अम्माला बसतं केलं होतं. कित्येक महिन्यांनी ती खिडकीबाहेर पाहत होती.

"मला उचललं तो कोण रे?" तिने विचारलं. "हात चांगला होता त्याचा. कुठे दुखवलं नाही."

"बंगाली आहे एक."

"मजुरी दिलीस ना नीट?"

"दिली."

"तोच का तो, ओल्या सदऱ्याचा? तो बघ, कालव्यावरून चाललाय. हाक मार त्याला, मला विचारू दे."

दिवाकरन पलंगाच्या पायथ्याशी वाकला आणि दांडा उलटा फिरवू लागला. अम्माचं डोकं हळूहळू खाली गेलं, खिडकीच्या खाली.

"आत्ताच तर बसवलंत मला," ती म्हणाली.

"झोप आता," तो म्हणाला, आणि पलंग पार सपाट होईपर्यंत दांडा फिरवत राहिला.