बरोबर उत्तर

कोह-ए-बाबाच्या हिमधवल माथ्यांवरून शरदाचे ऊन खाली उतरत होते. मंद, मधुपिंगट, उदास. बामियानच्या खोऱ्यात सुवर्णपर्ण पॉपलर थरथरत होते, आणि उकरलेल्या बटाट्यांच्या शेतात एक गंजका रणगाडा सोंड झुकवून बसला होता. तो कुठल्या युद्धातला, हे आता कुणी विचारत नसे.

मरवारीद मावशीच्या, साऱ्यांच्या खालाच्या, मातीच्या घरात सात मुली मागावर गालिचा विणत होत्या. त्यांच्या मागे शुक्रिया उभी होती. एकेकाळी ती विद्यापीठात गणित शिकवी. एका युद्धाने तिचा भाऊ नेला, दुसऱ्याने नवरा. तेव्हा ‘युद्ध नको, शाळा हवी’ असा फलक घेऊन ती काबूलच्या रस्त्यावर चालली. फलक मोडला. नोकरी गेली, शहर सुटले. थोरल्या मुलींना शाळेची दारे मिटली.

गालिच्याच्या घरची रीत अशी, की एकीने नक्षी पाहून गाठी गात पुकारायच्या आणि बाकीच्यांनी त्या बांधायच्या. त्या गाण्यातच शुक्रियाने शाळा लपवली होती. “लाल सहा, निळ्या चार,” ती गाई, मुली गुणून गात, “चोवीस!” वाटसरूला ऐकू येई ते केवळ गाठींचे गाणे. रक्तवर्ण लोकर, नीलवर्ण लोकर, आणि लोकरीआड हळूहळू उजळणारी सात मने.

व्यापाऱ्याने नक्षीत रणगाडे मागितले होते; परदेशी गिऱ्हाइकांना ते आवडतात म्हणे. शुक्रियाने तिथे जर्दाळूची झाडे विणवली.

“मोअल्लिम साहिब, तो व्यापारी माझ्या नावाने ओरडेल हो!” खाला शिक्षिकेला म्हणाली.

“ओरडू दे, खाला. बाहेरचे रणगाडे काय कमी आहेत?”

तोच फाटक वाजले. दोन बंदूकधारी अंगणात थांबले. त्यांच्याबरोबरचा सरकारी तपासनीस उंबऱ्यात आला.

“इथे शाळा भरते, असे कानावर आलेय.”

“शाळा कसली, साहेब? पोरींची बोटे बघा, लोकरीने सोलून निघालीत,” खाला हसली.

“मग पुकारा. माझी आईसुद्धा गालिचे विणायची. ऐकू तरी द्या.”

परके कुणी आले, की नुसत्या गाठी बांधायच्या, उत्तर गायचे नाही, हे ठरलेले होते. शुक्रियाने डोळ्यांनी विनवले, गप्प, मुलींनो, गप्प. पण मुलींची तोंडे मागाकडे होती. तिची नजर सात पाठींवर आपटून परतली. नक्षीत पुढे जे होते, ते तिने गायले.

“लाल सात, निळ्या आठ.”

सहाजणी मुक्या राहिल्या. सातवी होती तेरा वर्षांची लैलुमा. हाच गुणाकार तिला महिनाभर चकवत आला होता. आज, या क्षणी, तो दवबिंदूसारखा तिच्या जिभेवर आपसूक उतरला.

“छप्पन्न!”

किती निर्मळ, किती उत्फुल्ल तो स्वर! शुक्रियाच्या काळजात क्षणभर अभिमानाची ज्योत उजळली, आणि तिच्याच उजेडात तिला सर्वनाश दिसला.

“माझी आई गाठी बांधायची,” तपासनीस हळुवारपणे म्हणाला. “गुणायची नाही.”

मागाचे ताणलेले धागे सुरीने कापले गेले. अर्धी विणलेली जर्दाळूची झाडे जमिनीवर कोसळली. शुक्रियाला गाडीत चढवले. चढता चढता ती मागे वळून एवढेच म्हणाली, “लैलुमा जान, उत्तर बरोबर होतं.”

ती परत आली नाही.

खोऱ्यात हिम आले. घरोघर तंदूर पेटले. लैलुमाच्या ओठांवर मात्र कुठलीच संख्या उमटेना. “नान किती लावू गं?” आई विचारी. लैलुमा हात पुढे करी, बोटे उलगडी. आणि हेही उत्तर बरोबर असेल, या भयाने ती बोटे मिटत जात. एक मिटे, मग दुसरे, मग तिसरे. उरे ती मूठ, इवलीशी, निःशब्द, गार.