ढगातून भिजून आलेली साक्ष

मी एक जुना बाष्पमापक आहे. मित्रांनो, माझ्यावर आजवर कोणी पुरता विश्वास ठेवलेला नाही. म्हणून मीही कोणावर ठेवत नाही.

मी एका विमानाच्या पोटात राहतो. माझ्याखाली जाड काच आणि काचेखाली कॅन्ससची गव्हाची शेतं. हवेत पाण्याची वाफ किती, हे मी वरूनच ओळखतो. कसं? मी लेसरचे दोन झोत खाली सोडतो. रंग जवळजवळ सारखेच, पण एक वाफेला आवडतो आणि दुसऱ्याला ती तोंडही लावत नाही. मला घडवणाऱ्या लॉरेटा हॉगनने त्यांना नावं दिली, गोड आणि कडू. दोन्ही झोत हवेतल्या धुळीवर आपटून परत येतात. गोड जितका कमी परतला, तितकी तिथे वाफ जास्त.

लॉरेटाने तीन हिवाळे खपून मला बनवलं. पहिल्या वर्षी पाहुणे यायचे, फोटो काढायचे. पुढे लोक माझ्या पेटीवर सँडविच ठेवू लागले. आणि लॉरेटा? ती माझ्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते. सख्ख्या लेकराच्या आकड्यापुढे, बरं का.

मग कर्टिस प्रूइट आला. तो विमानातून पॅराशूट लावलेल्या नळ्या सोडतो, आणि नळी पडता पडता हवेतला ओलावा कळवते. एकदा त्याने खिशातून मोजपट्टी काढून माझी लांबी मोजली. मग विमानाच्या दाराची रुंदी मोजली. मित्रांनो, मी यंत्र असलो तरी मूर्ख नाही.

शुक्रवारच्या उड्डाणात निकाल लागणार होता. माझे आकडे नळीशी जुळले नाहीत, तर मी कायमचा बाहेर. भर दुपारी मी सांगितलं, तीन किलोमीटर उंचीवर कोरड्या हवेचा पट्टा आहे. नळी म्हणाली, छे, तिथे सगळं ओलंचिंब.

"लॉरेटा, तुझं म्हातारं परत बरळतंय," कर्टिस म्हणाला.

"तुझी नळी कुठून गेली?"

"वरून खाली. नळ्या तशाच जातात."

"थट्टा पुरे. ढगातून गेली का?"

मी ढगांच्या फटीतून बघत होतो. त्याने नळी त्याच फटीत सोडली होती, पण वाऱ्याने तिला शेजारच्या ढगात ढकललं होतं.

कर्टिसने खिडकीतून ढगाकडे पाहिलं. "कडेला चाटून गेली असेल."

"म्हणजे भिजली. ओल्या टॉवेलला विचारायचं का, बाहेर ऊन आहे का म्हणून?"

"आणि म्हातारंच चुकत असेल तर?"

"तर मी स्वतः त्याला उचलून खाली ठेवीन. मोकळ्या आभाळात दुसरी सोड."

ती नळी पडेपर्यंत मी झोत सोडत राहिलो. खरं सांगतो, मलाही माझीच शंका येऊ लागली. काच मळली असेल का? गोड-कडूची अदलाबदल झाली असेल का? तेवढ्यात नळीने कळवलं, कोरडं. पट्टा नेमका मी सांगितलेल्या उंचीवर.

कर्टिसने माझ्या पेटीवरचं आपलं सँडविच उचललं. लॉरेटाने पहिल्या नळीच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझ्यापुढचं मात्र खोडलं नाही.

आधी मला राग आला. पण तिचा माझ्यावर आंधळा विश्वास असता, तर ती नुसती कर्टिसशी भांडली असती, आणि भांडून मी वाचलो नसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर खुशाल शंका घ्या. पण शंका घेतलीत, तर तपासायचे कष्टही घ्या. आणि तपासण्याआधी आमची काच पुसा.

कर्टिस हल्ली उड्डाणाआधी माझी काच पुसतो. मोजपट्टी मात्र अजून त्याच्या खिशात आहे. मी नजर ठेवून आहे.