दाढीचा ब्रश आणि शेवटचं मादीफूल

मी दाढीचा ब्रश बोलतोय. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मध्येच फिदीफिदी केलेलं मला खपत नाही.

एकोणीस वर्षं मी एकाच माणसाच्या गालावर राबलो. माणूस गरीब, बायको खमकी. तिने गच्चीवर भोपळ्याची वेल चढवली आणि उन्हाळा असा तापला की मधमाश्या फिरकेनात. नरफुलं ढीगभर, मादीफूल एखादंच. त्याच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा असतो. पराग मिळाले नाहीत की पिवळा पडून गळतो. असे सात गळले.

नणंदबाई म्हणाल्या, "रविवारपर्यंत एक तरी धरू दे. नाहीतर वेल उपटायची. मला कपडे वाळत घालायला जागा नाही."

"बघतेच!" बाईने बेसिनवरून मला उचललं. "आजपासून हा माझा."

फुलं सकाळीच उघडतात, ऊन चढलं की मिटतात. म्हणून सहालाच मी कामावर. नरफुलात लोळायचं, मग मादीफुलाला गुदगुल्या करायच्या. या वयात! तरी मन लावून केलं. दोन फुलं केली, दोन्ही गळली.

शनिवारी रात्री तिने मला हुंगलं. "अहो, याला साबणाचा वास कसा?"

"मंगळवारी... जरा... एकदाच," नवरा म्हणाला.

"फुलांच्या तोंडाला फेस फासलात होय?"

मला खसाखसा धुतलं. रविवारी शेवटचं मादीफूल उमललं आणि मी ओलाच! ओल्या केसांत परागाचा नुसता लगदा. ऊन चढायला लागलं. बाईने नवऱ्याच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं.

"वाका."

"अगं, पण..."

"वाका म्हणते ना! आणि शिंकलात तर बघा."

त्याने हनुवटी नरफुलात घुसळली, मग मादीफुलात. तेवढ्यात नणंदबाई धुण्याची बादली घेऊन वर आल्या.

"अरे, फुलात तोंड घालून काय करतोयस?"

"त्यांना बोलायला लावू नका, ताई. अजून एक बाजू राहिलीये."

नरफूल तोडून, पाकळ्या काढून सरळ घासलं असतं तरी भागलं असतं. पण मला विचारतं कोण?

भोपळा धरला. आठवड्यात नारळाएवढा झाला. आता नणंदबाई स्वतःच त्याच्या सावलीसाठी ओली चादर वर वाळत घालतात. नवऱ्याला दाढी करायची बंदी. मी मगात कोरडा उभा.

आज नवीन मादीफूल उमललं. बाईने गच्चीवरून हाक मारली, मी केस फुलवून तयार झालो. पण धावत गेला तो दाढीवाला. जाण्याआधी त्याने तोंड धुतलं. साबणाने!

कुणीतरी पळत जाऊन सांगा हो तिला. मला पाय नाहीत.