पायाळूची लाथ

उंबऱ्यावर पालथं पडायला सुष्मितानं नकार दिला, तसा मल्लेशनं लेकीच्या कानाखाली असा जाळ काढला, की गोठ्यातल्या म्हशीनं वैरण सोडून मान वर केली.

दिवाळीनंतरच्या कबड्डीच्या सामन्यात दोन दांडग्या पोरी सुष्मिताच्या पाठीवर कोसळल्या होत्या. तेव्हापासून कमरेतली कळ हटली नव्हती. गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंनी सावकाश करायचे व्यायाम शिकवले होते आणि पाठीला हिसका बसू देऊ नका, असं मल्लेशला समोर बसवून बजावलं होतं. एवढं सांभाळलं तर उन्हाळ्यात पोरगी मैदानात उतरेल, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण घोंगड्यावर पडून पाय हलवल्यानं पाठ बरी होते, हे मल्लेशच्या गळी उतरत नव्हतं. त्याची स्वतःची उसण गणपतरावाच्या एका लाथेनं पळाली होती. गणपतराव पायाळू, आईच्या पोटातून पायांकडून आलेला. अशाची लाथ बसली की पाठदुखी जाते, ही गावाची श्रद्धा. मागच्या अमावास्येला त्यानं सुष्मिताच्या कमरेत लाथ घातली आणि तिला कूस बदलणं मुश्कील झालं. व्यायामानं कमावलेलं सगळं मातीत गेलं. महिनाभर पुन्हा पहिल्यापासून व्यायाम करून ती आता कुठं सावरत आली होती. आज पुन्हा अमावास्या होती, आणि गणपतराव धोतर खोचून दारात उभा होता.

"अप्पा, आज लाथ बसली तर मला परत उठायला यायचं न्हाय," सुष्मिता म्हणाली.

तिची आई शिवम्मा पिठाच्या हातानं मधे पडली. मल्लेशनं तिला ढकललं. ती भिंतीवर आदळली आणि मनगटातल्या बांगड्या फुटल्या. मग त्यानं लेकीची वेणी धरून तिला उंबऱ्यावर दाबलं आणि पायाळूला जागा द्यायला मागं सरला.

"गेल्या बारीला पोरगी म्हणून हलक्या पायानं घातली," गणपतराव म्हणाला. "आज पुरी घालतो."

फरशी उन्हानं तापली होती. ओठातलं रक्त तिच्या जिभेवर आलं. डोळ्यांसमोर गणपतरावाचा डावा घोटा होता. उजवा पाय उचलला गेला, सगळा भार डाव्यावर आला, आणि चढाईला आलेल्या गड्याचा धरावा तसा तिनं तो घोटा दोन्ही हातांनी धरून ओढला. गणपतराव तोंडावर आपटला. तिच्या कमरेतून तापल्या सळईसारखी कळ गेली. तरी तिनं पाय सोडला नाही, उलट पिरगाळला.

मल्लेशनं कोपऱ्यातली काठी उचलली. शिवम्मा पुन्हा आडवी आली, आणि ह्या खेपेस ढकलूनही हलली नाही.

"सोड गं, पाय मोडंल!" गणपतराव ओरडला.

"आदी अप्पाला सांगा, परत लाथ न्हाय."

"मल्लेश, न्हाय म्हण की लेका."

मल्लेशनं काठी टाकली.

आरडाओरड ऐकून शेजारीपाजारी अंगणात जमले होते. त्यांच्यासमोर गणपतरावानं दातांवरचं रक्त पुसलं, लंगडत उभा राहिला आणि म्हणाला, "काल वाकाय येत न्हवतं, आज गडी आडवा पाडला. माझी पयली लाथच लागू पडली बघा."

माणसांनी माना डोलावल्या. मल्लेशचा चेहरासुद्धा उजळला. सुष्मिता भिंतीला धरून उठत होती. खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं बापाच्या हाताकडं पाहिलं.

"व्हय काका, लागू पडली," ती म्हणाली. "आता दुसरी नगं."

आत शिवम्मानं घोंगडं अंथरलं. सुष्मितानं त्यावर उताणं पडून गुडघा सावकाश छातीकडं ओढायला घेतला. काल तो छातीला टेकला होता. आज अर्ध्यावरच थांबला.